तिसऱ्या खोलीतली विहीर

माझा एक मित्र सांगलीला, वसतिगृहाच्या खोलीत, रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला विहिरीत पडून मेला. मेल्यावर तो उठला, चहा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर देऊन आला. पेपरात पासही झाला. पण मेला तो मेलाच. त्यानंतरची तीसेक वर्षं आम्ही त्याला हे विसरू दिलेलं नाही.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणारा पोलीस चौकीची आठवण काढेल. आम्ही तिघं तेव्हा सांगलीत डिप्लोमा करत होतो. मी साताऱ्याचा. दुसरा महाबळेश्वरचा, त्याच्या घरी स्ट्रॉबेरीची शेती आणि छोटा लॉज. तिसरा, म्हणजे मयत, जत तालुक्यातला, मेंढपाळांच्या घरातला. आमच्या मजल्यावरच्या एका सीनियरचा चुलतभाऊ जहाजावर होता. तो कुठल्याशा बंदरातून एक इंग्रजी पुस्तिका घेऊन आला. तो एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं पुस्तिका हातात धरून बसायचं, तो चालक. एका पडक्या भुयारी राजवाड्यात काय काय आहे ते त्या पुस्तिकेत लिहिलेलं. चालक सांगणार, तुमच्यासमोर दार आहे. बाकीच्यांनी मनानं कुणीतरी व्हायचं, योद्धा किंवा पुजारी, आणि दाराचं काय करायचं ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार, आकडा मोठा आला तर जमलं. पुस्तिकेत मात्र चालकाशिवाय कुणी बघायचं नाही. तो सांगेल ते खरं.

चालक मी झालो, कारण माझं इंग्रजी चांगलं होतं. तसं मीच सांगितलं होतं.

फासा वीस बाजूंचा लागायचा. तसला फासा सांगलीत कुणी बघितलेला नव्हता. म्हणून आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या पेल्यात घातल्या. पुस्तिका दोन दिवसांत परत द्यायची होती, तेव्हा तिची झेरॉक्स काढली. परीक्षेच्या आधीचे दिवस. दुकानात प्रत्येक जण आपापला प्रकल्प अहवाल घेऊन उभा, मालक एका हातानं पानं फिरवतोय, दुसऱ्या हातानं गठ्ठे बांधतोय. आमच्या हातात गठ्ठा पडला तो आम्ही मोजला नाही. पुस्तिका तर परत गेलेली. आता गठ्ठा म्हणजेच राजवाडा.

गठ्ठ्यात अकराव्या पानाच्या तळाशी तिसऱ्या खोलीचं नाव होतं आणि त्यानंतर एक मोठी आकृती होती. वर एक गोल. त्याच्याखाली तोच गोल मधून उभा कापून दाखवलेला, एक खोल खड्डा. खड्ड्याच्या भिंतींना आतून दात, एक डावीकडे, एक उजवीकडे, असे खालपर्यंत. तळातून काहीतरी जाड, लांब, सळसळत वर आलेलं आणि वरच्या एका चौकोनी कोठडीत शिरलेलं. बाजूला खड्ड्याची खोली लिहिली होती, बारा मीटर. वरच्या आडव्या रेषेपाशी इंग्रजीत जी. एल. अशी अक्षरं होती. मी पुष्कळ विचार करून ते घोस्ट लेव्हल ठरवलं. जी. एल. म्हणजे ग्राउंड लेव्हल, जमिनीची पातळी. आज मी साताऱ्यात डिप्लोमाच्या मुलांना आरेखन शिकवतो आणि पहिल्या तासाला हेच सांगतो. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं एवढंच.

तर तिसऱ्या खोलीच्या दाराशी दोघं आले. मयत, म्हणजे तेव्हा तो योद्धा होता, म्हणाला, आत जातो. मी विचारलं, जमिनीकडे बघितलंस का? तो म्हणाला, न्हाई. मी पेला पुढे केला. त्यानं चिठ्ठी काढली, तीन. मी आवाज खाली आणून सांगितलं की दातांची विहीर, आत लोखंडी अजगर, आणि तू पडलास.

त्यानं हरकत घेतली. त्याचं म्हणणं, रानातल्या विहिरीला कठडा नसला तर समजू शकतो, पण राजवाड्यात कुणी विहीर बांधली तर कठडा बांधणारच. मी गठ्ठ्यात बघितलं आणि सांगितलं, कठडा नाही. मग त्यानं विचारलं, पाणी आहे का. आकृतीत एक लाटालाटांची रेघ होती. मी म्हणालो, आहे.

"मग मेलो," तो म्हणाला. "मला पवाय कुठं येतंय. आमच्याकडं पाणीच न्हाई तर शिकणार कवा?"

अशा रीतीनं आरोपीनं स्वतःच कबुली दिली. नवं पात्र घेऊन परत खेळता येतं, असं नियमात होतं म्हणे. ते पान आमच्या गठ्ठ्यात नव्हतं. मयताला चिठ्ठ्या हलवायचं काम दिलं. महाबळेश्वरच्या पुजाऱ्यानं उरलेला राजवाडा एकट्यानं पार केला आणि शेवटी एक सोन्याचा मुकुट मिळवला. तोही बहुधा मीच बनवला असणार, कारण शेवटची चार पानं काळीच आली होती.

खेळ तिथं संपला, पण मयताच्या मागे बिरूद लागलं. न बघता पाय टाकणारा. जेवणाच्या रांगेत, बसच्या पायरीवर, परीक्षेच्या निकालाच्या फळ्यापाशी कुणी ना कुणी म्हणायचंच, गड्या, बघून. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या एका पाहुण्यानं महाबळेश्वरच्या मित्राकडे चौकशी केली. हा म्हणाला, मुलगा सोन्यासारखा, फक्त बघून चालत नाही. पाहुण्यानं ते जसंच्या तसं पोचवलं. सासऱ्यांनी जावयाला मिरजेला नेऊन डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम निघाले. लग्न झालं. लग्नात आम्ही ही गोष्ट जेवणाच्या पंगतीत दोन वेळा सांगितली.

पुढे त्यानं जतला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्या उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं भरायची. पाईपमध्ये बिघाड असला की विहिरीत उतरणंही आलंच. म्हणजे आमचा मयत आठवड्याला तीन-चार विहिरी उतरतो. कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरत नाही. कोरड्या विहिरीतसुद्धा. तिकडचे लोक त्याला हसतात, हे मला ऐकून माहीत होतं. त्याचा आणि आमच्या खेळाचा काही संबंध असेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात महाबळेश्वरच्या मित्राला काम नव्हतं. त्या पावसात तिकडे गिऱ्हाईक नाही, शेत प्लास्टिकखाली, माणूस खिडकीपाशी. मोबाइल बघता बघता त्याला ती पुस्तिका सापडली. जुने असले खेळ आता कोणी कोणी संगणकावर आणलेत. नकाशा पडद्यावर, अंधारलेला. तुमची सोंगटी पुढे सरकली की तेवढाच तुकडा उजळतो. फासे आपोआप खडखडतात. चालक एका गावात, खेळणारे दुसऱ्या गावात, आणि सगळ्यांची तोंडं कडेला चौकोनात. त्यानं आमच्या तिघांच्या ग्रुपवर लिंक टाकली. जतहून दोन दिवसांनी एकच प्रश्न आला, तीच का? तीच, असं त्यानं लिहिलं.

मग जतहून मला फोन आला. आवाज एकदम कामाचा. म्हणाला, मी खेळणार. घरची सगळी बसणार आहेत, टीव्हीला जोडून. बायको, पोरगी, भाऊ. लग्नापासून हीच गोष्ट ऐकत आलेत सगळे, आता एकदा बघू देत.

"या खेपेला बघून चालणार," तो म्हणाला. "विहीर दिसल्याबिगर पाय टाकणार न्हाई."

मी म्हणालो, वा.

मला यावेळी खेळायचं होतं, म्हणून चालक माझी बायको झाली. ती हायस्कूलला गणित शिकवते. तिनं कसलंही कुतूहल दाखवलं नाही, फक्त नियम कुठे लिहिलेत ते विचारलं. मग चार दिवस पडद्यासमोर वही घेऊन बसली आणि सगळा राजवाडा वाचून काढला. सोमवारी संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "तिसऱ्या खोलीत काय होतं म्हणालात?"

"विहीर."

"नाहीये. दगडी चौथरा आहे. विझलेली समई आहे. दोन दारं आहेत."

मी म्हणालो, नीट बघ. हे वाक्य मी तिला उद्देशून क्वचितच वापरतो. ती म्हणाली, नीटच बघितलंय. मग मी माळ्यावर चढलो. गठ्ठा होता. आम्ही काही टाकत नाही. अकरावं पान निघालं, त्यानंतरची आकृती निघाली, आणि मी ती पुरावा म्हणून मेथीशेजारी ठेवली.

तिनं चष्मा लावला. "अहो, ही शेतातली विहीर आहे. हा मोटारीचा पाईप. ही बाजूला मोटारीची खोली."

"तो अजगर आहे," मी म्हणालो.

तिनं चष्मा काढला.

खाली कोपऱ्यात पानाचा आकडा होता, एक्केचाळीस. आमची पुस्तिका बत्तीस पानांची. वरच्या कडेला एका ओळीचा खालचा अर्धा भाग छापून आला होता. तो डोळे बारीक करून वाचला तर सिंचन असं काहीसं लागत होतं. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात स्थापत्यच्या कुणातरी मुलाचा अहवाल आमच्या राजवाड्यात शिरला होता, आणि जतचा माणूस, ज्याच्या गावी उन्हाळ्यात टँकर येतो, तो सिंचन विहिरीत बुडून मेला होता.

मी बायकोला एक सूचना केली. पडद्यावरच्या नकाशात चालकाला काहीही काढता येतं, असं मला कळलं होतं. तर तिसऱ्या खोलीत एक लहानशी विहीर काढावी. तो बघून चालेल, विहीर टाळेल, घरचे टाळ्या वाजवतील, सगळं मिटेल. ती म्हणाली, "जे लिहिलेलं नाही ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. मित्र तुमचा आहे."

मी ठरवलं, रविवारच्या आत फोन करायचा. मंगळवारी त्याच्या गावाला बाजार असतो. बुधवारी माझी मीटिंग होती. पुढचे दिवस मला आता तितकेसे आठवत नाहीत. शनिवारी मी फोन लावला, त्यानं उचलला, आणि मी त्याला विचारलं, तिकडे पाऊस काय म्हणतोय. तो म्हणाला, न्हाई. मी म्हणालो, अरेरे.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. जतच्या चौकोनात तो पांढरा शर्ट घालून बसला होता. खेळात सुरुवातीला सामान निवडायचं असतं. त्यानं तलवार सोडून दिली आणि दहा फुटांची काठी घेतली. पहिल्या दोन खोल्या अशा पार केल्या की राजवाड्यातले सांगाडे कंटाळले असतील. संगणकाच्या फाशावर त्याचा विश्वास नव्हता, आत आकडा कोण काढतंय असं त्यानं विचारलं. त्यात महाबळेश्वरला धुक्यापायी नेटवर्क जायचं, तेव्हा आमचा पुजारी हात वर करून पाव-पाव तास राजवाड्याच्या बोळात उभा राहायचा.

तिसरी खोली आली. तो दाराशी थांबला. मागून, त्याच्या घरातून, कुणीतरी हळूच विचारलं, आली का विहीर? त्यानं हात मागे करून गप्प केलं. मग काठी पुढे करून एकेक चौकोन विचारायला लागला. बायको म्हणायची, फरशी आहे. तो पुढचा चौकोन दाखवायचा. फरशी आहे. छत्तीस चौकोन होते. मी तेव्हाच बोलू शकलो असतो. पंधराव्या चौकोनाला बोलू असं ठरवलं होतं, मग म्हटलं वीस पूर्ण होऊ देत. शेवटचा चौकोन झाल्यावर तो पडद्याच्या अगदी जवळ आला. नुसतं कपाळ दिसत होतं.

"वैनी, विहीर कुठं हाय?"

बायकोनं वही मिटली. "भावजी, ते तुमच्या मित्राला विचारा."

मी सांगितलं. विहीर कधी नव्हतीच. झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याच्या अहवालाचं पान मिसळलं. मी ते खेळातलं समजून वाचलं. तो ऐकत होता. मागचं घरही ऐकत होतं.

"तुला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"सोमवारी."

"आन आज वार कुठला?"

"रविवार."

पडद्याच्या कडेचा त्याच्या तोंडाचा चौकोन काळा झाला. तेवढ्यात महाबळेश्वरचं नेटवर्क आलं आणि पुजारी हसत हसत म्हणाला, "काय झालं, परत पडला का?"

आठ दिवस त्यानं माझा फोन घेतला नाही. महाबळेश्वरचाही घेतला नाही. बायकोनं मला काही सुनावलं नाही. ती तशीही वर्गात एकदाच सांगते. नवव्या दिवशी मी रजा टाकली, ते पान प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि गाडी काढली. कराडजवळ मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा परत फिरावं असं वाटलं. पण तिथून परत फिरायचं तर लांबचा वळसा होता, म्हणून पुढे गेलो. मिरजेच्या पलीकडे ऊस हळूहळू संपला. जतच्या अलीकडे मेंढरांचा एक मोठा कळप रस्ता ओलांडत होता. मी घाई असल्यासारखं दाखवलं नाही.

दुकानात तो एकटाच होता. उघडलेल्या मोटारी ओळीनं मांडलेल्या, व्हार्निशचा वास, आणि तो साच्यावर तांब्याची तार गुंडाळत बसलेला. या कामात वेढे मोजावे लागतात. एक चुकला तर मोटार परत जळते. त्यानं मला बघितलं आणि मोजत राहिला. चौतीस, पस्तीस. मी म्हणालो, माझं चुकलं. तो म्हणाला, छत्तीस. मी म्हणालो, मी सोमवारीच फोन करायला हवा होता. त्याचं मोजणं जरा मोठ्यानं झालं. मी साठाव्या वेढ्यापर्यंत माफी मागितली, पुढे माझ्याजवळचं संपलं.

वेढे भरले. त्यानं तारेची गुंडाळी दोऱ्यानं बांधली, बाजूला ठेवली.

"लोक हसत्यात त्याचं काय न्हाई," तो म्हणाला. "हसू देत. पर मीच म्हणाय लागलो, आपल्याला दिसत न्हाई. दोर बांधल्याबिगर कवा उतरलो न्हाई. पोरगीला गाडी शिकायची हुती. मी न्हाई शिकवली. म्हटलं, आपणच बघून चालत न्हाई, हिला काय शिकवायचं? भावानं शिकवली."

मी फोल्डर पुढे केला.

त्यानं चिंधीला हात पुसले. पान काढून दाराच्या उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. एकदा आडवं केलं, परत उभं केलं. मग बोट ठेवून विचारलं, "ह्यो अजगर व्हय?"

"हो."

"त्याच्या तोंडाला गाळणीची जाळी हाय. आन भित्तीला ह्ये दात?"

"हो."

त्यानं पान खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या पायऱ्या हायत की रं."

मी जवळ जाऊन बघितलं. त्यानं समजावून सांगितलं. विहीर बांधताना भिंतीत लांब धोंडे बसवतात, अर्धे आत, अर्धे बाहेर, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यावर पाय देत माणूस उतरतो आणि चढतो. त्याच्या भागात बांधलेल्या विहिरीला हे असतातच. आदल्या दिवशी तो अशाच एका विहिरीत उतरला होता. आणि या आकृतीत, त्यानं नखानं दाखवलं, दोन धोंडे लाटांच्या रेघेच्याही खाली होते. पाण्यात.

"म्हंजी मी पडलो. पाण्यात पडलो. हात मारला असता तर धोंडा घावला असता. पवाय येऊ दे न्हाईतर नको. धोंडा धरून वर आलो असतो."

"हो," मी म्हणालो.

"तू कॉलेजात काय शिकवतोस?"

"आरेखन."

"म्हंजी आकृती वाचायचं."

"हो."

"किती वर्सं?"

"सव्वीस."

तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तोंडाला आलं म्हणून मी बोललो, की जाऊ दे, ही विहीर मुळात त्या खेळात नाहीच, तेव्हा तू पडलासच नाहीस, प्रश्न मिटला. त्यावर तो पहिल्यांदा चिडला. म्हणाला, विहीर आहे. कागदावर आहे, मापं आहेत, कुण्या पोरानं मन लावून काढलेली आहे. विहिरीचा काय दोष? मी पडलो तेही खरं, मी बघितलं नव्हतं. चुकला तो तुझा निकाल. पुस्तक एकट्यानं बघायचं म्हणून तुझ्या हातात दिलं होतं, आणि तू ते बघितलंच नाहीस.

मग त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि मला घरी जेवायला नेलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी. त्याच्या मुलीनं पान मागून घेतलं, तिनंही दात बघितले, आणि माझ्याकडे बघून मान खाली घातली. निघताना त्यानं एवढंच सांगितलं, "वैनीला इचार. मला पाण्यातनं वर यायचंय."

मी विचारलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. पण तिनं पान घेतलं, पट्टी घेतली आणि म्हणाली, "हे लिहिलेलं आहे ना? मग ठीक आहे." तिनं नकाशात विहीर मापानं काढली. मी ती कधी मापानं बघितली नव्हती. विहिरीचा व्यास आणि तिसऱ्या खोलीची रुंदी जवळजवळ सारखी निघाली. भिंतीला लागून वीतभर फरशी उरत होती, एवढंच. म्हणजे त्या दुपारी तो कितीही बघून चालला असता तरी त्या खोलीत चालायला जागा नव्हती. बायकोनं हे मोठ्यानं वाचून दाखवलं नाही, वहीत लिहून वही माझ्याकडे सरकवली.

पुढच्या बैठकीत त्याची सोंगटी पाण्यात ठेवली. त्याच्या घरची सगळी मागे होती. मी काहीही बोलायचं नाही असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नये.

चोवीस धोंडे होते. पहिले दोन पाण्यात, ते त्याला चाचपून सापडले. फासा खडखडला, सोळा. मग तो एकेक धोंडा चढायला लागला. पाय देण्याआधी प्रत्येक धोंडा हातानं दाबून बघायचा, तसं सांगायचा, आणि बायको फासा टाकायची. नवव्या धोंड्याला ती म्हणाली, हा हलतोय. तो म्हणाला, म्हणूनच दाबला, आणि तो सोडून पुढचा धरला. त्याच्या मागून कुणीतरी नुसता श्वास सोडला. महाबळेश्वरचा पुजारी विहिरीच्या काठावर उभा होता. त्या दिवशी त्याचं नेटवर्क कधी नव्हे ते धड होतं. त्यानं विचारलं, वरून दोर सोडू का? मयतानं आधी पुढचा धोंडा दाबून बघितला.

"दोर नगं," तो म्हणाला.

सगळं मिळून दीड तास लागला. मी आयुष्यात इतका कंटाळवाणा खेळ बघितलेला नाही आणि मी पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. चोविसाव्या धोंड्यावरून त्यानं फरशीवर हात टेकला. बायकोनं फासा टाकला, सात आला. तिनं नियम बघितला, वहीत काहीतरी वजा केलं, आणि सांगितलं की सात पुरतात.

"म्हंजी वर आलो?"

"आलात, भावजी."

तो मागे टेकून बसला. त्याची मुलगी पुढे वाकून पडदा बघत होती. मला वाटलं आता तो मला काहीतरी बोलेल. मी वाक्य तयार ठेवलं होतं. पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"वैनी," तो म्हणाला, "तसं कुठंतरी लिवा."

पडद्यावर प्रत्येकाच्या पात्राची माहिती असते, ताकद किती, सामान काय. खाली शेऱ्याला जागा असते. बायकोनं त्याच्या पानावर तिथं लिहिलं, जिवंत. त्यानं ते वाचलं. मग विचारलं की हे पुसलं जाणार नाही ना. ती म्हणाली, मी पुसल्याशिवाय नाही. आणि शाळेतल्या सवयीनं तिनं त्याच्याखाली सहीसारखं आपलं नाव लिहून तारीख घातली.